शाळेसाठी वर्गणी काढताय? आधी वीजबिलाची काढा

मी एसटीत ३१ वर्षं कंडक्टर होतो. निवृत्त होऊन गावी आलो. आमचं गाव दाभोळच्या खाडीकाठी आहे, अलीकडे दापोली तालुका, पलीकडे गुहागर. गावातली जिल्हा परिषदेची शाळा पहिली ते पाचवी, मुलं २७, शिक्षक दोन. माझा नातू तिसरीत. सून शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष झाली तेव्हा म्हणाली, "बाबा, हिशेब तुम्ही लिहा." तेव्हापासून शाळेच्या डिजिटल वर्गाची वर्गणी, खरेदी आणि नंतरचा खर्च या सगळ्याची वही माझ्याकडे होती. खाडीपट्ट्यातल्या इतर गावांतून माणसं विचारायला येतात, म्हणून आम्ही काय केलं आणि कुठे चुकलो ते लिहून काढतो आहे.

पैसे मागायच्या आधी शाळेतलं कपाट उघडा. आमच्या शाळेत आधी काहीच नव्हतं असं नाही. २०१५ साली 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय आला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत राज्यभर शाळा लोकवर्गणीतून डिजिटल झाल्या. आमचीही झाली होती. प्रोजेक्टर मिळाला होता, फीत कापली होती, भिंतीवर फोटोही आहे. मुख्याध्यापकांनी डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे शाळेच्या वस्तूंची नोंदवही, काढलं आणि आम्ही एकेक वस्तू टेबलावर मांडली. प्रोजेक्टरचं झाकण स्क्रू काढून उघडलं तर आत पालीची चार अंडी, त्यातली दोन फुटलेली. वायरीच्या पिनांवर हिरवा गंज बसलेला, नखानं खरवडला तर भुकटी पडली. आमची शाळा खाडीपासून हाकेच्या अंतरावर आहे. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस, यात बंद पडलेली वस्तू महिन्याभरात कामातून जाते. तीन टॅब होते, तिघांच्याही बॅटऱ्या फुगलेल्या.

मग मी मागचे कागद पाहिले. प्रोजेक्टर बिघडला म्हणून बंद पडला नव्हता. शाळेचं वीजबिल थकलं, जोडणी तोडली गेली, सात महिने वीज नव्हती. वीज आली तेव्हा दिवा लागेना, आणि नव्या दिव्याची किंमत ऐकून कुणी पुढे आलं नाही. वस्तू द्यायला दाता मिळाला होता. ती चालवायला कुणी मिळालं नव्हतं, कारण कुणाला विचारलंच नव्हतं.

म्हणून माझं सांगणं एवढंच की वर्गणीचा पहिला रुपया चालवण्याच्या खर्चासाठी मागा. टीव्हीसाठी पैसे मिळतात हो. टीव्हीवर नाव घालता येतं.

गरज मोजताना

शिक्षकांना विचारा, मुलांना विचारा, आणि घरोघर जाऊन पाहा. २७ मुलं म्हणजे २१ घरं. एका रविवारी सून आणि मी सगळी फिरलो. स्मार्टफोन १८ घरांत होता. पण "संध्याकाळी सात वाजता तो कुणाच्या हातात असतो?" असं विचारल्यावर मुलाच्या हातात येणारी घरं सात निघाली. खारवीवाडीत बापाबरोबर फोन होडीवर जातो. एका घरात फोन आईचा, ती कोळंबी सोलायला जाते आणि रात्री नऊला येते. 'असर' या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीच्या २०२४च्या अहवालातही हेच दिसतं. १४ ते १६ वयाच्या ग्रामीण मुलांपैकी ८२ टक्क्यांना स्मार्टफोन वापरता येतो, पण त्यांतली आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरलेली ५७ टक्केच. "घरोघरी फोन आहेत, शाळेत कशाला हवं?" असं कुणी म्हणालं तर आपल्या गावचा आकडा पुढे ठेवा.

दुसरी गोष्ट रेंजची. आमची शाळा खोलगट जागी, मोबाईलला एक कांडी, तीही वाऱ्यावर. त्यामुळे नेटवर चालणारं महागडं सॉफ्टवेअर विकायला आलेल्या माणसाला आम्ही चहा देऊन परत पाठवला. बालभारतीच्या पुस्तकांत धड्याजवळ क्यूआर कोड असतात. सरकारच्या दीक्षा ॲपमध्ये ते स्कॅन केले की व्हिडिओ उघडतो आणि उतरवूनही ठेवता येतो. गुरुजी शनिवारी तालुक्याला जातात तेव्हा पुढच्या पंधरवड्याचे धडे टॅबवर उतरवून आणतात. पुस्तकांच्या पीडीएफ बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. जे फुकट आहे त्यासाठी लोकांचा पैसा खर्चू नका.

मग अंदाजपत्रक. आमचं जसंच्या तसं देतो, भाव तुमच्याकडे बदलतील. ४३ इंची टीव्ही २६,५००. चार टॅब ४४,०००. स्पीकर ३,०००. वायरिंग, अर्थिंग आणि एमसीबी ९,५००. इन्व्हर्टर बॅटरीसह २१,०००. स्टॅबिलायझर २,५००. कपाटाची दुरुस्ती आणि कुलूप ३,५००. एकूण १,१०,०००. बहुतेक गावं इथं थांबतात. आम्ही त्याखाली रेघ मारून पाच वर्षांचा खर्च लिहिला: वीज महिना ७००, नेट महिना ३००, म्हणजे पाच वर्षांचे ६०,०००. चौथ्या वर्षी इन्व्हर्टरची नवी बॅटरी १४,०००. दुरुस्ती, टॅबच्या काचा आणि बॅटऱ्या २०,०००. म्हणजे १,१०,०००च्या वस्तूंना ९४,००० चालवायला. ही दुसरी बेरीज फळ्यावर लिहिली तेव्हा सभेत शांतता झाली. ती व्हायलाच हवी होती.

अर्थिंगवर कुणी काटकसर सुचवली तर ऐकू नका. आमच्याकडे मे अखेर आणि परतीच्या पावसात विजा कशा पडतात ते ज्याच्या घरचा टीव्ही जळलाय त्याला विचारा.

पैसा कुठे ठेवायचा

यात आम्ही आधी चुकलो. सुरुवातीला गावातल्या एका मुलाच्या मोबाईल नंबरवर लोकांनी पैसे पाठवले. मुलगा सरळ होता, पण त्याच्याच खात्यात त्याचा पगार, त्याच्याच खात्यात गाडीचा हप्ता. दोन महिन्यांनी हिशेब मागितला तेव्हा ४,२०० रुपये कुणाचे ते कळेना. त्याने पदरचे भरले, पण त्याच्या घरचे अजून आमच्याशी नीट बोलत नाहीत. चूक त्याची नव्हती, व्यवस्था न लावणाऱ्या आम्हा मोठ्यांची होती. एसटीत ड्युटीवर निघताना खिशातले स्वतःचे पैसेसुद्धा वेबिलावर, म्हणजे फेरीच्या हिशेबाच्या कागदावर, लिहावे लागत. तो नियम कंडक्टरला चोर समजून केलेला नाही, त्याच्यावर आळ येऊ नये म्हणून केलेला आहे.

म्हणून पैसा फक्त शाळा व्यवस्थापन समितीच्या बँक खात्यात. ते खातं अध्यक्ष आणि मुख्याध्यापक यांच्या जोडसहीनं चालतं. बँकेकडून त्याच खात्याचा क्यूआर कोड मागून घ्या. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ मध्ये समितीला शाळा विकास आराखडा करण्याचं आणि शासनाकडून किंवा इतर कुठूनही आलेल्या निधीच्या वापरावर लक्ष ठेवण्याचं काम दिलेलं आहे. तेव्हा आधी समितीच्या सभेत ठराव करा. त्यात रक्कम, कारण, खातं आणि मुदत लिहा आणि प्रत केंद्रप्रमुखांना द्या. गावभर फिरून वर्गणी काढणार असाल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ४१क आहे, गणेश मंडळं याच कलमाखाली धर्मादाय कार्यालयाकडे परवानगीसाठी अर्ज करतात. तिथे एक फेरी मारून या.

पावती पुस्तक छापील आणि अनुक्रमांकाचं हवं. किती पुस्तकं छापली, कुठलं कुणाकडे दिलं याची वहीत सही घ्या, आणि रद्द पावती फाडून न टाकता पुस्तकातच ठेवा. ५,०००च्या वरच्या पावतीला एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प लागतो. मुंबईकर विचारतील, "करात सूट मिळेल का?" खरं सांगा. देणगीवरची करसवलत तशी मंजुरी असलेल्या संस्थेच्या पावतीवरच मिळते, तिथेही २,००० च्या वरची रोख चालत नाही, आणि नव्या करप्रणालीत ती सवलत नाहीच. आमच्या पावतीवर सूट नाही असं सांगितल्यावर दोघांनी हात आखडता घेतला. बाकीच्यांनी दिलं.

आखातातल्या पैशाबद्दल नीट समजून घ्या, कारण आमच्या किनाऱ्यावर असं एखादं घर प्रत्येक वाडीत आहे. मोहल्ल्यातले एक चाचा म्हणाले, "माझा मुलगा कुवेतला, भाचा लंडनला, दोघंही देतील." मुलगा भारतीय पासपोर्टवर नोकरी करतो. त्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेला पैसा परकीय योगदान धरला जात नाही. भाच्यानं तिकडचं नागरिकत्व घेतलंय. त्याचा पैसा २०१०च्या परकीय योगदान कायद्यात येतो आणि नोंदणी नसलेल्या खात्यात घेता येत नाही. चाचांना वाईट वाटलं. तरी आम्ही लंडनचा पैसा घेतला नाही.

आणि पालकांवर सक्ती बिलकूल नको. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १३ प्रवेशासाठी देणगी घ्यायला मनाई करतं. कायदा नसता तरी, कुणाच्या बापानं दिलं आणि कुणाच्या नाही हे वर्गात मुलांच्या कानावर जाता कामा नये. आम्ही वर्गणीची यादी शाळेत लावली ती वाडीवार, नावं अक्षरांच्या क्रमानं, रकमेशिवाय. रकमा वहीत आहेत आणि वही कुणीही येऊन बघावी.

कधी मागायचं

एसटीत असताना कुठल्या महिन्यात कुठल्या थांब्यावर सुटे पैसे मिळतात आणि कुठे सगळे पन्नासाची नोट पुढे करतात हे मला तोंडपाठ होतं. वर्गणीचंही तसंच आहे. ज्याच्या हातात जेव्हा पैसा असतो तेव्हाच त्याच्या दारात जा.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद. या काळात खारवीवाडीत पावती पुस्तक घेऊन जाणं म्हणजे माणसाला लाजवणं. तिथे ऑक्टोबर-नोव्हेंबरात जा. आंबेवाल्यांकडे दलालाची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, मिळाल्यावर जा, मार्चमध्ये नको, तेव्हा फवारणीचं आणि मजुरांचं देणं डोक्यावर असतं. भातशेतीवाल्यांकडे कापणी-मळणी उरकल्यावर. ज्यांची पेन्शन येते त्यांच्याकडे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात.

चाकरमानी गणपतीत येतात आणि शिमग्यात येतात. शिमग्यात पालखी घरोघर फिरते तेव्हा तिच्याबरोबर शाळेचं पावती पुस्तक फिरवा असं काहींनी सुचवलं होतं. मी ठाम नाही म्हटलं. देवाचा पैसा देवाचा. शाळेची वर्गणी पालखीबरोबर आली की मोहल्ला आणि बौद्धवाडी आपोआप बाजूला पडतात, आणि शाळेत मुलं तर सगळ्या वाड्यांतली आहेत. शाळेसाठी वेगळं जायचं, सगळ्या वाड्यांत जायचं, आणि प्रत्येक वाडीतला एक माणूस बरोबर घेऊन जायचं.

गौरीविसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही शाळेतच सभा ठेवली. भाषणं ठेवली नाहीत. मधल्या टेबलावर तो उघडा प्रोजेक्टर ठेवला, पालीच्या अंड्यांसकट, आणि हातोहात फिरवला. मुंबई मंडळाचे सेक्रेटरी तो हातात घेऊन बराच वेळ बघत होते. मग सुनेनं फळ्यावरच्या दोन्ही बेरजा वाचल्या आणि सांगितलं, "टीव्हीचे पैसे एकदाच लागतील. पण महिन्याला हजार रुपये पाच वर्षं लागतील. बारा महिने आहेत. एकेका घरानं एकेक महिना घ्यावा."

यालाच आम्ही 'महिना घेणं' म्हणतो आणि आमचं सगळं यावरच उभं आहे. ज्या घरानं जो महिना घेतला त्याने दरवर्षी त्या महिन्यात १,००० रुपये शाळेच्या खात्यात भरायचे. त्यातून वीजबिल आणि नेट. लोकांनी महिने आपापल्या हिशेबानं निवडले. आंबेवाल्या दोन घरांनी मे आणि जून घेतले. मुंबई मंडळानं सप्टेंबर घेतला. खारवीवाडीत एक मासळी विकणारी बाई आहे, माझ्या गाडीनं वर्षानुवर्षं टोपली घेऊन जायची. तिच्या दारात मी टीव्हीचं बोलायला लागलो तर म्हणाली, "भाऊ, टीवीला काय देयाचा नाय मला. टीवी माझ्या घरात पन हाय. पन लाईटबिलाचा म्हनतोस तर माझा नोव्हेंबर लिव." तिचा कुणी मुलगा-नातू शाळेत नाही. तीन नोव्हेंबर झाले, एकदाही आठवण करावी लागली नाही. ऑगस्टला कुणी तयार होईना, कारण तो सगळ्यांचाच ओढीचा महिना. शेवटी चार घरांनी अडीचशे-अडीचशे करून घेतला.

एक सूचना: सभेत हात वर करून बोललेली रक्कम वहीत जमेला धरू नका. आमच्या सभेत १,६०,००० बोलले गेले, शिमग्यापर्यंत हातात आले ९८,०००. उरलेल्यासाठी आम्ही कुणाच्या मागे लागलो नाही. बँकेतून आलेल्या खाडीपट्ट्याबाहेरच्या वर्गणीनं आणि पुढच्या हंगामात लागणारे १,४४,००० (वीज आणि नेटचे ६०,००० वगळून) पूर्ण झाले. त्यातले ३४,०००, म्हणजे बॅटरीचे आणि दुरुस्तीचे, समितीच्या नावानं मुदत ठेवीत टाकले, तेही टीव्ही आणायच्या आधी.

कंपन्यांच्या सीएसआरचं बरेच जण विचारतात. २०१३च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजोपयोगी कामांवर खर्चावी लागते. पण २७ मुलांच्या शाळेचा अर्ज तिथे कुणाच्या नजरेत भरत नाही. एका केंद्रप्रमुखाखालच्या सगळ्या शाळांनी मिळून एक अर्ज करावा. वस्तूच हव्या असतील तर केंद्र सरकारच्या विद्यांजली पोर्टलवर मुख्याध्यापकांना शाळेची मागणी नोंदवता येते.

खरेदी आणि सांभाळ

तीन दुकानांची लेखी दरपत्रकं घ्या, बिल शाळेच्या नावानं घ्या. सर्वांत स्वस्त दुकानापेक्षा ज्याचा दुरुस्तीवाला चिपळूण किंवा दापोलीत बसतो ते दुकान निवडा. पंधराशे रुपये जास्त गेले तरी चालतील, टीव्ही बोटीतून पलीकडे न्यावा लागला की त्याहून जास्त जातात. वस्तू आली त्याच दिवशी डेडस्टॉक रजिस्टरला चढवा. जुने टॅब देणाऱ्यांना नम्रपणे विचारा, "बॅटरी किती तास चालते?" दोन तासांच्या आत असेल तर आभार मानून नको म्हणा.

सांभाळाचे आमचे नियम वर्गाच्या दारामागे चिकटवले आहेत. ढग गडगडले की पिन भिंतीतून काढायची, नुसतं बटण बंद करून चालत नाही. टॅब स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. ते निळे खडे गुलाबी झाले की ओल प्यायलेत असं समजायचं आणि तव्यावर मंद आचेवर पुन्हा निळे करून घ्यायचे. आमच्याकडे हे काम पोषण आहार शिजवणाऱ्या ताई करतात, त्यांनीच ते अंगावर घेतलं. मे महिन्याच्या सुट्टीत टॅब अर्धे चार्ज करून ठेवायचे, पूर्ण भरून नाही आणि पूर्ण संपवून तर नाहीच. आठवड्यातून एकदा तासभर टीव्ही लावायचा, सुट्टी असली तरी. आतली ऊब दमट हवा घालवते. २०२०च्या जूनमध्ये निसर्ग वादळानं दापोली-मंडणगडकडे आठवडेच्या आठवडे वीज नव्हती हे आम्ही विसरलो नाही. म्हणून वादळाचा इशारा आला की सगळं सामान कोण, कुणाच्या स्लॅबच्या घरात नेणार हेही त्या कागदावर नावानिशी लिहिलं आहे.

पाचवीची मुलं 'वापर वही' लिहितात: तारीख, विषय, किती मिनिटं, काय बिघडलं. ही वही दात्यांना दाखवायला फार उपयोगी पडते. दर महिन्याच्या पाच तारखेला वीजबिलाचा, भरल्याच्या पावतीचा आणि वापर वहीच्या पानाचा फोटो वर्गणीदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जातो. मुलांचे चेहरे टाकत नाही. ज्याचा महिना असेल त्याचं नाव त्यावर असतं. तीन वर्षांत बिल एकदाच उशिरा भरलं गेलं, तेही ग्रुपवर आम्ही स्वतःहून सांगितलं.

समिती दोन वर्षांनी बदलते. सुनेची मुदत संपली तेव्हा मीही वही सोडली. नव्या अध्यक्ष भोईवाडीतल्या आहेत, नववी शिकलेल्या. सुपूर्त करताना आम्ही यादी केली: पावती पुस्तकांची स्थळप्रत, बँकेचं पासबुक, मुदत ठेवीची पावती, वॉरंटी कार्डं, बारा महिन्यांच्या घरांची यादी, कपाटाच्या दोन किल्ल्या, सिलिका जेलचा डबा. सगळं त्यांनी एकेक हातात घेऊन पाहिलं आणि सही करण्याआधी ठेवीच्या पावतीवरची तारीख मोठ्यानं वाचून मला विचारलं, "भाऊ, ही मोडायची कधी?" बॅटरी मेली की, मी म्हटलं, त्याआधी कुणीही मागितली तरी नाही. ते त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतलं.